पडद्याचा राखणदार

मागच्या महिन्यात वर्गात आपण 'सेव्ह' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय काय म्हणता येईल याची यादी फळ्यावर केली होती. फाइल सेव्ह करणे म्हणजे साठवणे. पैसे सेव्ह करणे म्हणजे वाचवणे किंवा बचत करणे. गोलरक्षक चेंडू सेव्ह करतो तेव्हा तो अडवतो. बुडणाऱ्याला सेव्ह करणे म्हणजे त्याचा जीव वाचवणे. मग कोणीतरी 'स्क्रीन सेव्हर' हा शब्द सुचवला, आणि जवळजवळ सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "वीज वाचवणारा!" मागच्या बाकांवर बसलेल्या दोन-तीन पालकांनीही माना डोलावल्या.

या शब्दातले 'सेव्ह' मात्र बचतीचे नाही, जपण्याचे आहे. आजी लोणच्याची बरणी जपते, आपण नवे बूट पावसात भिजू नयेत म्हणून जपतो, तसा हा कार्यक्रम संगणकाचा पडदा जपण्यासाठी लिहिला गेला. विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. पडद्याला असे काय होत होते की त्याला जपावे लागावे, ते आता पाहू. त्यासाठी थोडे मागे, तुमच्या आईबाबांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत जावे लागेल.

त्या वेळचा संगणकाचा पडदा भिंतीवर टांगण्याजोगा नव्हता. तो एक जडशीळ खोका असे. पुढे काच आणि मागे हातभर लांब कुबड. त्या कुबडात काचेची एक मोठी नळी असे, तिला कॅथोड रे ट्यूब किंवा थोडक्यात सीआरटी म्हणत. घरचा टीव्हीही असाच होता. इथे सिंगापूरमध्येच हिताची आणि सोनी या कंपन्यांचे अशा नळ्या बनवण्याचे कारखाने होते. तिकडे महाराष्ट्रात औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळी तोच टीव्ही दिवाणखान्यात मानाने विराजमान असे.

या नळीतली हवा काढून टाकलेली असते. तिच्या मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी एक 'बंदूक' असते. रंगीत पडद्यासाठी अशा तीन असतात. पुढच्या काचेला आतल्या बाजूने एका खास पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. त्याला फॉस्फर म्हणतात. गंमत अशी की नाव फॉस्फर असले तरी त्यात बहुधा फॉस्फरस नसतोच. हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांसाठी झिंक सल्फाइड वापरत, त्यात तांबे किंवा चांदी अगदी कणभर मिसळलेली. बंदुकीतून निघालेले इलेक्ट्रॉन वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीने सुसाट येऊन या थरावर आदळतात, आणि जिथे आदळतात तिथे थर क्षणभर चमकतो. नळीच्या मानेभोवती तारांची वेटोळी असतात. त्यांच्या चुंबकशक्तीने इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा फिरवला जातो. आपण वहीत ओळीखाली ओळ लिहितो तसेच हे, पण एका सेकंदात सगळे पान साठ-सत्तर वेळा पुन्हा पुन्हा लिहून काढायचे. आपल्या डोळ्यांना मात्र ते स्थिर चित्र वाटते.

आता तुमच्या ब्लॉकखालची हिरवळ आठवा. पदपथ वळसा घालून जातो, आणि बसस्टॉपकडे धावणारे सगळे जण गवतातून तिरके जातात. काही महिन्यांत तिथले गवत मरते आणि मातीची पायवाट उमटते. कोणा एकाच्या पावलाने ती होत नाही. रोज त्याच जागी पाऊल पडते म्हणून होते. फॉस्फरचे असेच आहे. इलेक्ट्रॉनांचा मारा सोसून तो हळूहळू थकतो. तेवढाच मारा बसला तरी पूर्वीइतका उजेड देत नाही. सगळ्या पडद्यावर मारा सारखा बसला तर सगळा थर सारखाच थकेल आणि आपल्या लक्षातही येणार नाही. पण एकाच जागी एकच अक्षर महिनोन्महिने उभे राहिले, तर तेवढ्याच आकाराची 'पायवाट' पडते. मग पडद्यावर दुसरे काही आणले तरी त्यामागे जुने अक्षर पुसट दिसत राहते. संगणक बंद केला तरी काचेवर त्याची सावली दिसते. पुसून जाणार नाही, कारण डाग काचेच्या आत आहे. याला इंग्रजीत 'बर्न-इन' म्हणतात. आपण त्याला पडदा डागणे म्हणू.

आयबीएम कंपनीचा पीसी १९८१ साली बाजारात आला. त्याच्या साध्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे दिसत, एका ओळीत ऐंशी आणि अशा पंचवीस ओळी. त्यावर दिवसभर एकच काम चाले. हिशेबनीस लोटस वन-टू-थ्री उघडून बसे. त्यातल्या वरच्या पट्टीतले शब्द आणि उभ्या-आडव्या रकान्यांची अक्षरे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तिथेच. बँकेच्या पैसे काढायच्या यंत्रावर 'आपले कार्ड घाला' अशा अर्थाची ओळ रात्रंदिवस. विमानतळावरच्या पडद्यांवर शहरांची नावे बदलत, पण वरचे 'उड्डाण', 'वेळ', 'दार' हे मथळे वर्षानुवर्षे तेच. पालकांपैकी ज्यांनी १९८० च्या दशकात भारतात रेल्वेचे आरक्षण संगणकावर येताना पाहिले आहे, त्यांनी खिडकीच्या फटीतून डोकावून पाहिलेला पडदा आठवावा. दिवसभर तोच तक्ता, फक्त नावे आणि गाड्यांचे क्रमांक वेगळे. असे पडदे डागत. १ जानेवारी १९८९ ला सिंगापूरने आयात-निर्यातीचे अर्ज संगणकाने पाठवण्याची 'ट्रेडनेट' योजना सुरू केली. तेव्हापासून इथल्या कचेऱ्यांमध्येही एकच अर्ज तासन्तास पडद्यावर उघडा ठेवून बसणाऱ्यांची संख्या वाढली.

मग घरच्या टीव्हीला हे का होत नव्हते? कारण टीव्हीवरचे चित्र सतत हलत असते. एका क्षणी जिथे पांढरा सदरा, तिथेच पुढच्या क्षणी काळे केस. मारा आपोआप सगळीकडे वाटला जातो.

हीच साधी गोष्ट जॉन सोचा नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हेरली. कोणी कळ दाबत नसेल, तर पडद्यावर चित्र कशाला ठेवायचे? त्याने 'स्क्रनसेव्ह' नावाचा एक इवलासा कार्यक्रम लिहिला आणि तो डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टॉक' या मासिकात छापून आला. होय, छापून. त्या काळी मासिकात कार्यक्रमाच्या ओळी येत आणि वाचक त्या कळफलकावर टंकून घेत. तीन मिनिटे कोणी काही केले नाही की हा कार्यक्रम पडदा पूर्ण काळा करी, आणि कळ दाबताच होते तसे सगळे परत आणी. तीन मिनिटांची चार करायची तर कार्यक्रमाच्या आतच बदल करावा लागे. आयबीएम पीसीसाठीचा हा पहिला स्क्रीन सेव्हर. पुढे याच सोचाने 'नॉर्टन कमांडर' हा गाजलेला कार्यक्रम लिहिला.

अर्थात हा प्रश्न याआधीही काहींना सुचला होता. १९७९ साली आलेले अटारी कंपनीचे घरगुती संगणक टीव्हीला जोडत. त्यांवर मुले खेळ अर्धवट सोडून जेवायला जाणार हे कंपनीने ओळखले होते. म्हणून काही मिनिटे कोणी कळ दाबली नाही की ते आपोआप रंग बदलत राहत. १९८३ च्या ॲपल 'लिसा' संगणकात पडदा आपोआप मंद होई.

काळा पडदा हा उपाय उत्तम, पण त्यात एक अडचण होती. पडदा काळा दिसला की येणाऱ्याला वाटणार, संगणक बंद आहे. मग तो बटण दाबणार, आणि टंकलेले पान साठवलेले नसेल तर तासाभराची मेहनत पाण्यात. म्हणजे पडदा जिवंत आहे हे दिसले पाहिजे, पण कोणतीही गोष्ट एका जागी थांबता कामा नये. 'हलते चित्र' आले ते यातून. शोभा हा त्यातला नंतरचा भाग.

पण शोभा एकदा घरात शिरली की ती सहज बाहेर जात नाही! १९८९ मध्ये अमेरिकेतील बर्कली सिस्टिम्स या कंपनीने 'आफ्टर डार्क' हा स्क्रीन सेव्हरांचा संच विकायला काढला. त्यात काळ्या आकाशातून पंख फडफडवत उडणारे पाव भाजायचे टोस्टर होते, आणि त्यांच्याबरोबर भाजलेल्या पावाचे तुकडेही उडत. पाव किती करपलेला हवा तेही ठरवता येई. मासे पोहणारे काचेचे हौदही त्यात होते. हे टोस्टर इतके लोकप्रिय झाले की १९९४ मध्ये जेफरसन एअरप्लेन या संगीतमंडळीने कोर्टात दावा लावला. १९७३ च्या आमच्या तबकडीच्या वेष्टनावरही पंखवाले टोस्टर आहेत, असे त्यांचे म्हणणे. दावा ते हरले, कारण त्या वेष्टनाच्या चित्राचा हक्क त्यांनी त्या वेळी नोंदवलेलाच नव्हता. १९९२ चा 'जॉनी कास्टअवे' तर एक गोष्टच होता. एक माणूस, एक बेट, एक झाड. तो मासे पकडतो, वाळूचा किल्ला बांधतो, सुटका होईल होईल म्हणताना संधी हुकते. नाताळ आला की झाडाला सजावट होई. काम सोडून माणसे हा स्क्रीन सेव्हर पाहत बसत. म्हणजे जो कार्यक्रम कोणी नसताना चालायचा, तोच पाहायला गर्दी.

विंडोजबरोबर तर स्क्रीन सेव्हर फुकटच येऊ लागले. ताऱ्यांमधून उडत जाणे, वळवळणाऱ्या रंगीत रेषा, आणि विंडोज एनटीमधले ते पडदाभर पसरत जाणारे नळ. संगणकाला त्रिमिती चित्रे किती झपाट्याने काढता येतात हे दाखवायला ते नळ केले होते. क्वचित एखाद्या सांध्यावर नळाऐवजी चहाची किटली उगवे, ती दिसली की वर्गात आरडाओरडा. ही किटली कुठून आली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमचा स्वतःचा आवडता मात्र यातला सर्वांत साधा, 'मार्की'. यात आपण हवी ती ओळ लिहायची, आणि ती पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकत जायची. रंग, वेग आणि अक्षराचा वळण-प्रकार, म्हणजे फाँट, आपण निवडायचा. या शेवटच्या सोयीतच मराठी माणसाची चैन होती. त्या वेळच्या विंडोजला देवनागरी मुळीच समजत नसे. पण पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचे 'श्री-लिपी' किंवा पुण्याच्याच सी-डॅकचे कार्यक्रम होते, तसेच हातोहात फिरणारे 'शिवाजी'सारखे फाँटही होते. या फाँटांमध्ये एक युक्ती असे. संगणकाला वाटे, आपण रोमन अक्षरे आणि चिन्हे दाखवत आहोत. प्रत्यक्षात त्या प्रत्येक अक्षराच्या जागी क, ख, काना, मात्रा, वेलांटी यांची चित्रे बसवलेली असत. बिचाऱ्या यंत्राला फसवून आपण मराठी लिहीत होतो! मग मार्कीत तो फाँट निवडला की 'गणपती बाप्पा मोरया' सरसर सरकत जाई. घरापासून चार हजार किलोमीटरवर, जिथे रस्त्यावरच्या पाट्यांत इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ दिसते पण मराठी नाही, तिथे टेबलावरच्या खोक्यात मोठ्या रंगीत अक्षरांत आपली लिपी चालताना पाहणे काय असते, ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

अडचण एवढीच की तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला तर तीच ओळ तिथे रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा काला होऊन उमटे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ पासून कागदावर होती, पण विंडोज २००० आले तेव्हा कुठे ती आपल्या संगणकावर नीट पोहोचली. आज तुम्ही आजीला फोनवर मराठीत निरोप पाठवता आणि तो तिथे मराठीतच उमटतो, त्यामागे हीच पद्धत आहे. पुढे मार्की विंडोजमधून गेला. तो जाऊ द्यायला नको होता असे आमचे मत आहे.

आता विजेकडे वळू. स्क्रीन सेव्हर चालू असताना जुना सीआरटी पडदा जवळजवळ नेहमीइतकीच वीज खात असे. बंदूक तापलेली, वेटोळी चालू, फक्त चित्र वेगळे. पूर्ण काळ्या पडद्याला थोडी कमी लागे इतकेच. उलट त्रिमिती नळ काढायचे म्हणजे संगणकाला जास्त काम, आणि जास्त काम म्हणजे जास्त वीज. खरी बचत आली ती दुसऱ्या वाटेने. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केले. कोणी वापरत नसेल तेव्हा आपोआप झोपी जाणाऱ्या संगणकांना आणि पडद्यांना ते मिळे. लगेच १९९३ मध्ये संगणकाने पडद्याला 'आता झोप' असे कसे सांगायचे याची सर्व कंपन्यांना मान्य अशी पद्धत ठरली. झोपलेल्या पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणजे डागण्याचीही भीती नाही. इथे खरे तर स्क्रीन सेव्हरचे काम संपायला हवे होते.

त्यात २००० नंतर काही वर्षांतच तो कुबडवाला खोका गेला आणि चपटे एलसीडी पडदे आले. त्यांत इलेक्ट्रॉनांचा मारा नाही आणि फॉस्फरचे ठिपकेही नाहीत. मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा. नेहमीच्या मोठ्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन झडपा. झडप उघडली की उजेड, मिटली की अंधार. एखादी झडप तासन्तास एकाच स्थितीत राहिली तर थोडी आळसावते, पण बहुधा काही वेळाने ताळ्यावर येते. कायमची पायवाट सहसा पडत नाही. आणि पडदा काळा दिसत असला तरी मागचा दिवा जळतच असतो, म्हणून एलसीडीवर स्क्रीन सेव्हर लावून विजेची बचत काहीही होत नाही. हिशेब करून पाहा. पंचवीस वॅटचा पडदा रोज दहा तास उगाच चालू राहिला, तर महिन्याला साडेसात युनिट. युनिटला तीस सेंट धरले तर सव्वादोन डॉलर. शिवाय संगणकाची वीज वेगळी. रक्कम छोटी आहे, पण सिंगापूरची जवळजवळ ९५ टक्के वीज नैसर्गिक वायू जाळून होते, आणि कोणी पाहत नसलेल्या माशांसाठी तो जाळायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पीक काढून नेले तरी शेतातले बुजगावणे काही दिवस उभेच असते. स्क्रीन सेव्हरचे तसेच झाले, पण या बुजगावण्याला नवी कामे मिळाली. पहिले काम पहारेकऱ्याचे. पडदा जागा करायचा तर परवलीचा शब्द द्या. रॅफल्स प्लेसच्या बँकेत काम करणारे आईबाबा चहा घ्यायला उठले की काही मिनिटांत त्यांचा संगणक कुलूपबंद होतो, तो याचसाठी. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्येही स्क्रीन सेव्हरला परवलीचा शब्द लावता येई, पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो न देताच आत शिरता येई. दाराला कुलूप, पण खिडकी सताड उघडी! आताचे कुलूप पक्के असते.

दुसरे काम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी 'सेटी ॲट होम' हा स्क्रीन सेव्हर जगासाठी खुला केला. पोर्टो रिको बेटावर अरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे, तीही रेडिओ लहरीच पकडते. अरेसिबोची एकच तबकडी होती, पण अवाढव्य. तिने आकाशातून टिपलेल्या लहरींत कोणा परग्रहवासीयाची हाक आहे का, हे तपासायला प्रचंड गणिते करावी लागणार होती. तेवढे मोठे संगणक शास्त्रज्ञांकडे नव्हते. त्यांनी त्या नोंदींचे बारीक तुकडे केले, एकेका तुकड्यात सुमारे १०७ सेकंदांच्या लहरी, आणि ते लोकांच्या घरी पाठवले. तुम्ही जेवायला गेलात की तुमचा संगणक गणित सोडवू लागे, आणि पडद्यावर रंगीत डोंगररांगांसारखा आलेख वाढत जाई. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. परग्रहवासीयाची खात्रीलायक हाक काही सापडली नाही. मार्च २०२० मध्ये नवे तुकडे पाठवणे थांबवले गेले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. पण घरोघरच्या संगणकांनी मिळून मोठे गणित सोडवायचे ही रीत रुजली. रोगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही ती उचलली.

पालकांसाठी एक सूचना इथेच देतो. विंडोजमधला स्क्रीन सेव्हर हा चित्रांचा संग्रह नसतो. तो पुरता चालणारा कार्यक्रम असतो, फक्त फाइलच्या नावाची शेपटी वेगळी. त्यामुळे 'फुकट, सुंदर स्क्रीन सेव्हर' म्हणून अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घेणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणे. विंडोजमध्ये आधीपासून आहेत तेवढे पुरे.

आणि आता गोष्टीला वळण लागते. तुमच्यापैकी अनेकांच्या हातातला फोन, २०२१ साली आलेला ओएलईडी पडद्याचा निन्टेंडो स्विच, काहींच्या घरचा नवा टीव्ही, यांच्या पडद्यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. म्हणूनच त्यांतला काळा रंग इतका गडद. काळे म्हणजे ठिपका चक्क विझलेला. पण स्वतः उजळणारा ठिपका वापराने थकतो, आणि त्यांत निळा सर्वांत आधी. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची पायवाट परत आली! फोनवर वरच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण, खेळातली गुणांची पट्टी, बातम्यांच्या वाहिनीची खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह, क्रिकेटच्या सामन्यातला दिवसभर न हलणारा धावफलक, हे सगळे रोज तासन्तास, महिनोन्महिने एकाच जागी राहिले तर डाग पडू शकतो. रात्री फोनच्या काळ्या पडद्यावर दिसणारे घड्याळ लक्ष देऊन पाहा. ते अधूनमधून किंचित सरकते. ते आपल्याला दिसावे म्हणून सरकत नाही, डाग पडू नये म्हणून सरकते. जॉन सोचाचेच दुखणे, नवे औषध.

आणि इथे 'जपणे' व 'वाचवणे' यांचे चक्क भांडण लागते. आपल्या घरांत रात्री टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय असते, आजोबांनी लावलेली, आणि विजेच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. पण अनेक ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यानंतर आपल्या ठिपक्यांची डागडुजी स्वतःच करतात. कोणता ठिपका किती थकला ते तपासून त्याची भरपाई ठरवतात. त्यासाठी त्यांना थोडा वेळ वीज लागते. रोज लगेच भिंतीवरचे बटण बंद केले तर हे काम होणारच नाही. तेव्हा आपला टीव्ही कोणत्या जातीचा आहे ते माहितीपुस्तिकेत पाहावे. ओएलईडी असेल तर आधी रिमोटने बंद करावा आणि भिंतीवरच्या बटणाची घाई करू नये. एलसीडी असेल तर आजोबांचे ऐकावे.

तुमच्या घरच्या फोनवर पायवाट पडली आहे का, हे तपासायचे असेल तर असे करा. कागदावर नव्हे, फोनवरच एक सपाट करड्या रंगाचे चित्र पडदाभर उघडा, उजेड वाढवा आणि खोलीतला दिवा मालवा. जुन्या, खूप वापरलेल्या ओएलईडी फोनवर कळफलकाची किंवा वरच्या पट्टीची पुसट आकृती दिसू शकते. एलसीडी असेल तर काही दिसणार नाही. मोठ्यांचा फोन घेताना आधी विचारा!

दुसरे काम वर्गासाठी. मार्की गेला असला तरी त्याची उणीव भरून काढता येते. प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर या आठवड्यातला एक नवा शब्द मोठ्या, ठसठशीत देवनागरी अक्षरांत, शिरोरेषा सरळ ठेवून लिहावा आणि त्याचा फोटो काढावा. सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवून घरच्या संगणकावर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, स्क्रीन सेव्हर या वाटेने जावे आणि 'फोटोज' हा प्रकार निवडून तो फोल्डर दाखवावा. वाट पाहण्याचा वेळ पाच मिनिटे ठेवा, आणि पडदा झोपण्याचा वेळ दहा मिनिटे. म्हणजे पाच मिनिटे शब्द फिरतील आणि मग पडदा खरोखर निजेल. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी कागद घेऊन यावा, आपण तो वर्गाच्या भिंतीवर लावू. 'जपणे' हा शब्द मात्र आम्ही आधीच घेऊन ठेवला आहे, तुम्ही दुसरा शोधा.